हँडलला अडकवलेलं किंमतपत्रक

मोटारसायकल विकायचं ठरलं तेव्हा आमच्या घरी वाद झाला नाही. गाडीला सीट एकच होती, आणि ती माझी होती. त्यामुळे गाडी राहावी असं म्हणणारं घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि माझी कंबर माझ्या बाजूने नव्हती.

गाडी मी हौसेने बनवून घेतली होती. खोपोलीत एका निवृत्त गृहस्थांच्या पडवीत दोन सायलेन्सरची जुनी अडीचशे सीसी उभी होती. इंजिन जाम, टाकीला भोक, पण कागदपत्रं चोख. अडतीस हजारांना मी ती घेतली आणि पळसदरीच्या पुढे खोपोली रस्त्याला गॅरेज असलेल्या एका मेकॅनिककडे टेंपोने पोचवली. त्याने चार महिन्यांत तिची अशी काही गाडी केली की रस्त्यावरचे लोक थांबून बघत. चॅसी आणि इंजिन मूळचंच ठेवलं. हँडल खाली घेतलं, मडगार्ड आखूड केले, टाकी नव्याने ठोकून काढली, चामड्याची एकच सीट बसवली. रंग बदलला म्हणून मी पेणला आरटीओत जाऊन तो आरसीवर चढवूनही आणला. खिडकीपलीकडच्या माणसाने मला दोनदा विचारलं, की फक्त रंगासाठीच आलात का. घरी येऊन हे सांगितलं तर बायको म्हणाली, "मग मी कुठे बसायचं तेही विचारून यायचं होतं."

दोन वर्षांत गाडी एक हजार आठशे चाळीस किलोमीटर चालली. नंतर कंबरेने किक मारायला नकार दिला. डॉक्टरांनीही दिला. तेव्हा गाडी विकून दोघांना बसता येईल अशी स्कूटर घ्यायची, असं गणपतीनंतर ठरलं.

प्रश्न किमतीचा होता. मी खोपोलीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं कॉस्टिंग विभागात काम केलं आहे. एखादी वस्तू बनवायला माल किती, मजुरी किती, वाया किती गेलं, हे काढून तिची किंमत ठरवायची, हेच माझं काम. अशा जुन्या गाड्यांची किंमत लोक कशी ठरवतात ते मी आठवडाभर मोबाइलवर बघितलं. सत्तर हजारांपासून तीन लाखांपर्यंत ज्याला जे सुचेल ते. एकाने तर गाडीसोबत आपला उभा फोटो टाकून त्याचेही पैसे लावले असावेत असं वाटलं. मला ते पटेना. मी ठरवलं की जेवढा खर्च झाला तेवढा धरायचा, दोन वर्षांची झीज वजा करायची आणि उरेल ती किंमत सांगायची. नफाही नको, तोटाही नको.

सगळी बिलं फाइलला होतीच. सांगाडा, सुटे भाग, रंग, निकेलचा मुलामा, सीट, कागदपत्रांचा खर्च, आणि मेकॅनिकची मजुरी एकशे चाळीस तास, तासाला दीडशेप्रमाणे एकवीस हजार. तासांचा हिशेब त्याच्याकडे मीच मागितला होता. बाकीचे लोक त्याला एकरकमी पैसे देत. मी सुरुवातीलाच त्याला शंभरपानी वही दिली होती आणि रोज काय केलं, किती तास केलं ते लिही म्हणून सांगितलं होतं. त्याने बिचाऱ्याने ते इमानाने लिहिलं. बेरीज झाली एक लाख पंचावन्न हजार शंभर. टायर, बॅटरी वगैरेची झीज पाच हजार शंभर वजा केली. दीड लाख.

हे सगळं मी एका कागदावर टाइप करून घेतलं. खाली गाडीतले दोष लिहिले, अकरा. मागचं चाक किंचित डुलतं, हा चौथा. सकाळी पहिल्या किकला सुरू होईलच असं नाही, हा पहिला. बायकोने वाचून विचारलं, "ही गाडी विकायची आहे की परत करायची आहे?" मी लक्ष दिलं नाही. कागद लॅमिनेट केला, गाडी त्याच मेकॅनिकच्या गॅरेजसमोर उभी केली, कारण शनिवार-रविवारी त्या रस्त्याने फार्महाऊसवाल्यांची वर्दळ असते, आणि कागद हँडलला अडकवून घरी आलो. ज्याला किंमत पटेल त्याला ती कशी आली हेही कळेल, असा माझा विचार. आपण किती सरळ वागलो याचं मला त्या दिवशी फार समाधान होतं.

दहा दिवस फोन आला नाही. अकराव्या दिवशी मेकॅनिक स्वतःच भिसेगावात आमच्या घरी आला. पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. एरवी तो आला की दारातूनच "काकी, चहा टाका" म्हणायचा. त्या दिवशी चहा न मागता ओट्यावर बसला आणि पिशवीतून माझा लॅमिनेट केलेला कागद काढून समोर ठेवला.

"काका, ह्यो कागद काढा. नायतर आकडा तरी बदला."

मी म्हटलं, कोणता आकडा? त्याने मजुरीच्या ओळीवर बोट ठेवलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गाडी बघायला येणारे किंमत बघत नव्हते, मजुरी बघत होते. क्लच प्लेट बदलायला आलेला माणूस आधी जाऊन माझा कागद वाचायचा आणि परत येऊन म्हणायचा, अख्खी गाडी एकवीस हजारात, आणि माझ्या क्लचचे चारशे? हे त्याने हसून सोडलं असतं. पण गेल्या रविवारी मुंबईचे एक गृहस्थ, कर्जतजवळ ज्यांचं फार्महाऊस आहे, त्यांनी कागदाचा फोटो काढला. त्यांच्याकडे असाच एक जुना सांगाडा पडून होता. त्यांनी सांगितलं की मला हुबेहूब अशीच करून दे, मजुरी कागदावर आहे तीच, एकवीस हजार. पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी पैसे घेऊन येतो.

"तू काय म्हणालास?"

"बघतो म्हनालो."

"म्हणजे त्यांना ते हो वाटलं."

"तेच की."

मी म्हटलं, अरे पण हा आकडा तुझ्याच वहीतला आहे, मी एक मिनिट इकडचं तिकडे केलेलं नाही. तो म्हणाला, वही माझीच हाय, पण काम जास्त झालं होतं. किती जास्त? लई. मी म्हटलं, लई हा आकडा नाही. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमची गाडी केली तवा दोन महिने घर बायकोच्या शिलाईवर चाललं. आता पुन्यांदा एकवीस हजारात घेतली तर ती मलाच शिवून टाकंल."

आतून चहा घेऊन आलेली माझी बायको हसली. मला हसू आलं नाही. त्या चार महिन्यांत मी दर रविवारी त्याच्याकडे जात होतो, स्टुलावर बसून त्याच्या वहीवर नजर टाकत होतो आणि घरी येऊन सांगत होतो की माणूस भलता स्वस्त आणि भलता प्रामाणिक आहे. यातल्या पहिल्या गोष्टीची चौकशी करावी असं मला कधी सुचलं नव्हतं.

पण आकडा नुसता वाढवून लिहिणं मला जमणारं नव्हतं. शंभर तास जास्त लिहायचे तर ते कुठून आले हे मला माहीत हवं. मग मला माझ्या धंद्यातलीच युक्ती सुचली. कारखान्यात एखाद्या कामाला किती वेळ लागतो यावर वाद झाला, की आम्ही क्लिपबोर्ड आणि घड्याळ घेऊन त्या कामगाराच्या शेजारी उभे राहायचो आणि मोजायचो. मी म्हटलं, गाडीचं मागचं चाक डुलतंय, ते सरळ करायचंच आहे. रविवारी तू ते कर, मी वेळ लावतो. तुझ्या वहीत त्या चाकाला एक तास लिहिलाय. बघू या खरं काय निघतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं गेलो. बायको आली ती त्याच्या बायकोकडून ब्लाउज घ्यायला, पण राहिली आमच्यातच, कारण तिला हा प्रकार बघायचा होता. मेकॅनिकने चाक काढलं, टायर उतरवला, रिम एका जुन्या गाडीच्या फोर्कात अडकवून फिरती केली आणि समोर पाटावर बसला. रिम फिरवायची, खडूचं टोक जवळ धरायचं, ज्या जागी रिम बाहेर येते तिथे खडू लागतो, तिथले स्पोक पाव आटा आवळायचे, समोरचे तेवढेच सैल करायचे. हात चालला की मी मोबाइलवर घड्याळ सुरू करत होतो, हात थांबला की बंद. हात पुष्कळ वेळा थांबत होता. रिम फिरवून तो नुसता बघत बसे. एकदा मी मध्येच विचारलं, की सीटचं चामडं कुठून आणलं होतंस रे. त्याने माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं. मी गप्प झालो, पण घड्याळ बंदच होतं.

चाक जागेवर बसलं. फिरवलं तर जवळ धरलेला खडू कुठेच लागू नये असं चाललं. मी आकडा वाचला. बावन्न मिनिटं.

"म्हणजे तुझी वही बरोबर आहे," मी म्हटलं. "उलट आठ मिनिटं तूच जास्त लावलीस."

त्याचा चेहरा पडला. तोही मान हलवायला लागला, की असंल बाबा, मोजलंय म्हटल्यावर असंल. त्याला माझ्या घड्याळावर माझ्याइतकाच विश्वास होता.

बायको म्हणाली, "आपण आलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. आता बारा वाजून गेलेत."

मी तिला समजावलं, की अगं मधला वेळ तो नुसता बसला होता. तो कामात धरत नाहीत.

"बसला होता की बघत होता?"

"तेच ते."

"अहो, तुम्ही जुलैमध्ये आयकराचे कागद घेऊन बसता तेव्हा तासन्‌तास छताकडे बघता. मी कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाही घरात. ते काय करत असता? बसलेले असता?"

मी म्हटलं, तेव्हा माझ्या डोक्यात बेरीज चालू असते.

"मग त्याच्या डोक्यात काय चालू होतं ते विचारा ना. मला तर त्याने बोट वर केलेलं दिसलं. नुसत्या बसलेल्या माणसाला तुम्ही काही विचारलंत तर तो सांगतो."

मी मेकॅनिककडे बघितलं. तो हात फडक्याला पुसत होता. मग म्हणाला, की तेवढ्यात तर सगळं ठरतं, कुठला स्पोक, किती. आवळायला काय लागतंय. मी विचारलं, मग वहीत ते का नाही लिहिलंस? तर त्याने जे सांगितलं ते मी अजून विसरलेलो नाही. त्याचे आईवडील चौक गावाच्या बाजूला वीटभट्टीवर होते. तिथे हजार विटांचा भाव. पाडलेली वीट मोजायची, बसलेला माणूस मोजायचा नाही. तो लहानपणापासून तेच बघत आला होता. म्हणून गॅरेजमध्येही हात थांबला की तो मनातल्या मनात वेळ थांबवायचा.

"बघत बसल्याचे पैसे कुनाकडं मागनार? लोक म्हनतील, बसला व्हता बिड्या फुकत."

"तू बिडी ओढत नाहीस," बायको म्हणाली.

"म्हनून तर, काकी. नुसताच बसलेला दिसतो."

आता त्याने भट्टीवर शिकलेली चूक आणि मी कारखान्यात शिकलेली चूक एकच होती. मशिनवर एकसारखे हजार नग काढणाऱ्या माणसाला मोजायची माझी रीत होती, आणि ती मी एकुलती एक गाडी बनवणाऱ्याला लावली होती. सव्वीस वर्षांत मी किती जणांची बावन्न मिनिटं मोजली असतील, हा विचार मला तिथे बसल्या बसल्या आला. मी तो लांबवला नाही, कारण समोर काम होतं.

साडेनऊ ते बारा दहा, म्हणजे एकशे साठ मिनिटं. बावन्नच्या तिपटीहून थोडी जास्त. तो म्हणाला, मग सगळ्याचीच तिप्पट करा की. मी म्हटलं, नाही. टाकी ठोकताना, कार्ब्युरेटर लावताना, इंजिनचा आवाज ऐकताना बघणं आहे. पण नट काढणं, भाग धुणं, टायर चढवणं यात काय बघायचंय? आम्ही त्याची वही उघडून ओळ न् ओळ घेतली. प्रत्येक कामाला मी विचारायचो, इथे थांबला होतास? तो आठवून सांगायचा. दोनदा तर त्यानेच माझा आकडा खाली आणला. सीट बसवण्याला मी तीन तास म्हणालो, तर म्हणतो, "नाय, दीडच. तिथं काय बघायचं व्हतं, तुमी बसून दाखवलंत की."

आकडा आला दोनशे नव्वद तास. म्हणजे दीडशे तास वाढले, बावीस हजार पाचशे रुपये वाढले, आणि गाडीची किंमत झाली एक लाख बहात्तर हजार पाचशे.

इथे मी अडकलो. हे वाढलेले पैसे मी त्याला दिलेलेच नव्हते. जो खर्च मी केला नाही तो किमतीत धरून खिशात घालायचा, हे कसं चालेल? मी म्हटलं, गाडी विकली की हे तुझे. तो एकदम ताठ झाला. म्हणाला, मी बिल दिलं, तुमी भरलं, विषय संपला. मला तुमच्याकडून पैसे नको, कागद नीट पायजे. अर्धा तास त्याने ऐकलं नाही. चाकाच्या बाबतीत पटकन मान हलवणारा माणूस पैसे नाकारताना मात्र हलेना. शेवटी मी घरी आलो, नवा कागद टाइप केला आणि मजुरीच्या खाली एक ओळ घातली: 'यातील २२,५०० रुपये मेकॅनिकचे असून गाडी विकल्यावर त्यांना दिले जातील. आधीच्या पत्रकातील तास मालकाने चुकीचे मोजले होते.' लॅमिनेट करून हँडलला अडकवला. त्याने वाचला आणि माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

ठरलेल्या रविवारी फार्महाऊसवाले गृहस्थ आले. मी मुद्दाम हजर होतो. त्यांनी आधी मोबाइलमधला फोटो काढला, मग नवा कागद वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

"पंधरा दिवसांत मजुरी दुप्पट?"

मी म्हटलं, आधीचा आकडा चुकला होता, आणि चूक माझी होती.

"चूक नेमकी तुमच्याच फायद्याची कशी निघाली हो?"

"खालची ओळ वाचा," मी म्हटलं.

त्यांनी वाचली. पुन्हा वाचली. मग मेकॅनिकला म्हणाले, तू सांग, माझी किती तासांत होईल. मी तोंड उघडणार होतो, पण बायकोने येताना बजावलं होतं, की आज तुम्ही बोलू नका, त्याला त्याचा आकडा स्वतः सांगू दे. मेकॅनिकने त्यांच्या सांगाड्याचे फोटो बघायला मागितले. मोबाइल हातात घेऊन तो किती तरी वेळ बघत राहिला. ते गृहस्थ चुळबुळ करायला लागले. मी मनात मोजत होतो, सवयच. नऊ मिनिटं.

मग तो आत गेला आणि माझ्या त्या शंभरपानी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेऊन आला. कामं लिहिली होती, प्रत्येकापुढे तास. आणि सगळ्यात खाली वेगळी ओळ होती, त्याच्या वळणदार अक्षरात: 'बघणे व ऐकणे, १४० तास'. एकूण दोनशे पंच्याहत्तर.

गृहस्थांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"ते काम हाय," मेकॅनिक म्हणाला.

"एकशे चाळीस तास नुसतं बघणार?"

"हा. बघितलं नाय तर परत खोलायला लागंल, साहेब. ते तास कमी करायचे असतील तर मी घेत नाय गाडी."

असं काही तो कधी कोणाला बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्याचा हात पुन्हा फडक्याकडे गेला. गृहस्थ माझ्या गाडीला एक फेरी मारून आले. वाकून मागचं चाक हाताने फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत राहिले. कुठेही न डुलता सरळ फिरत होतं. मग त्यांनी दोनशे सत्तर होतील का एवढंच विचारलं, आणि तो नाय म्हणाल्यावर पाकीट काढलं.

माझी गाडी पुढच्या महिन्यात खोपोलीच्याच एका माणसाने घेतली, एक लाख सत्तर हजारांना. अडीच हजारांची सूट मी माझ्या वाट्यातून दिली. बावीस हजार पाचशे मेकॅनिकने निमूट घेतले, कारण ती ओळ अर्ध्या रस्त्याने वाचली होती आणि येणारा जाणारा त्याला विचारत होता, की मिळाले का. त्यातून त्याच्या बायकोने शिलाईच्या मशिनला मोटर बसवली.

आम्ही स्कूटर घेतली आहे. रविवारी दोघं तिकडून जातो तेव्हा थांबतो. फार्महाऊसवाल्यांच्या गाडीचे तास लिहायचं काम त्याने माझ्याकडे दिलं आहे, स्वतः लिहायचा त्याला अजून संकोच वाटतो. गेल्या रविवारी तो नव्या टाकीसमोर हाताची घडी घालून बसला होता. आम्ही आलो तरी बघितलं नाही. बायकोने मला खुणेनेच स्टूल दाखवलं. मी बसलो. पाऊण तासाने तो म्हणाला, "काका, दोन सूत मागं घ्यायला पायजे," आणि उठून पाना शोधायला लागला. मी वहीत पाऊण तास लिहिला.